हजेरी कोणाची आणि साक्ष कोणाची?

सरकारी कचेऱ्या आणि महापालिका यांच्या परिपत्रकांतून 'सुसूत्रीकरण' या शब्दाला अलीकडे मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. कंत्राटी कामगाराच्या कामाच्या वेळेची नोंद यंत्र करील, ठेकेदाराची निवड संगणक करील, त्याचे देयकही संगणकावरूनच मंजूर होईल, आणि मग वशिला, लाच, बनवाबनवी यांना थाराच उरणार नाही, असे आश्वासन प्रशासन मोठ्या आत्मविश्वासाने देत असते. हजेरीतील लबाडी थांबावी ही इच्छा जितकी आयुक्तांची असेल तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, झाडू हाती घेणाऱ्या माणसाची आहे. कारण मस्टरातील प्रत्येक खोट्या सहीची किंमत शेवटी त्याच्याच अंगावरून वसूल होते. तेव्हा यंत्र हवे की नको हा वाद घालीत बसण्याचे आपल्याला कारण नाही. वादाचा मुद्दा निराळा आहे. ही नोंद कोणाच्या मालकीची? ती कोणाला पाहता येते? आणि कामगारावर प्रसंग ओढवतो तेव्हा ती कोणाच्या बाजूने साक्ष देते?

परिपत्रके या प्रश्नांना स्पर्शही करीत नाहीत. म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा १९७० साली झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने एक साधी गोष्ट सांगितली होती. ठेकेदार कामगारांना वेतन वाटील तेव्हा मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत ते काम चालते त्या खात्याचा, प्रतिनिधी तेथे समक्ष हजर असला पाहिजे आणि वेतन दिले गेल्याचा दाखला त्याने दिला पाहिजे. ठेकेदाराने वेतन बुडवले वा कमी दिले, तर ते मुख्य मालकाने चुकते करावे आणि ठेकेदाराच्या येण्यातून वळते करून घ्यावे. १९७१ च्या केंद्रीय नियमांनी हजेरीपट, वेतनपट व वेतनचिठ्ठी यांचे नमुने ठरवून दिले. त्या दाखल्याचा मजकूरसुद्धा ठरवून दिला. कायम कामगार करतो तेच किंवा तशाच प्रकारचे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला वेतनही तेच मिळावे, ही अट या नियमांनी ठेकेदाराच्या परवान्यातच घातली. ठेकेदारांच्या व्यवस्थापनाचे जे शास्त्र आज सल्लागार कंपन्या सरकारला भारी किमतीला विकीत आहेत, त्याचा गाभा अर्ध्या शतकापूर्वीच राजपत्रात छापून तयार होता. तो अमलात आणण्यासाठी एक टेबल, एक खुर्ची आणि वेतनाच्या दिवशी चौकीवर जाऊन बसण्याची तयारी असलेला एक कारकून एवढेच पुरेसे होते.

तो कारकून बहुतेक ठिकाणी कधी चौकीवर गेलाच नाही. दाखल्यांचा गठ्ठा महिनाअखेरीस ठेकेदाराच्या माणसाने कचेरीत आणावा, साहेबांनी चहाचा पेला बाजूला सारून एका बैठकीत सह्या कराव्यात आणि देयक पुढच्या टेबलाकडे सरकावे, अशी वहिवाट पडली. कायद्याने दिलेला पहारा असा कागदोपत्री झाला, तो कोणा कामगाराच्या कामचुकारपणामुळे नव्हे. तरीही सुधारणेची पाळी आली तेव्हा नेमका कामगारच संशयित ठरला, हे विसरता कामा नये.

यंत्राचा डोळा कोठे रोखलेला आहे ते पाहा. नागपूर आणि चंडीगढ येथील महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे चढवली. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, किती वेळ थांबला, किती चालला, हे दूरच्या खोलीतील पडद्यावर दिसू लागले. चंडीगढच्या कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. स्वच्छतागृहात जातानाही हे घड्याळ हातात असते ही स्त्री कामगारांची तक्रार होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी खचितच नव्हती. आता दुसऱ्या बाजूला पाहा. ठेकेदाराने वेतन किती तारखेला दिले, हे सांगणारे घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे? भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापून घेतली पण भरली नाही, म्हणून कोणत्या पडद्यावर लाल दिवा लागतो? ठेकेदाराचे देयक ज्या टेबलावर तीन महिने पडून राहते, त्या टेबलाची हद्द कोणी आखली आहे? झाडणारीने गल्ली सोडली हे पंधरा मिनिटांत कळते. तिचा पगार दोन महिने झाला नाही हे मात्र, ती मोर्चाने कचेरीवर येईपर्यंत, कोणालाही कळत नाही.

येथे महापालिकांच्या युक्तिवादातील एक मोठी विसंगती उघडी पडते आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी नीट हेरली पाहिजे. कामगार न्यायालयात गेला की महापालिकेचे वकील सांगतात, हा आमचा माणूसच नव्हे. याला ठेकेदाराने नेमले, ठेकेदारच त्याच्याकडून काम करून घेतो, आमचा त्याच्यावर ताबा नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात असा निर्णय दिला की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मुख्य मालकाच्या सेवेत जात नाही. मात्र ते कंत्राट निव्वळ देखावा आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले तर तो मुख्य मालकाचाच कामगार ठरतो. हा देखावा ओळखताना न्यायालये ज्या गोष्टी तपासतात, त्यांत कामावर देखरेख आणि नियंत्रण कोणाचे, ही एक महत्त्वाची कसोटी आहे. मग ज्या माणसाचे प्रत्येक पाऊल महापालिका आपल्या पडद्यावर मोजते, ज्याला गल्ली नेमून देते, ज्याचा खाडा स्वतः मांडते, त्याच्यावर आपले नियंत्रण नाही असे ती कोणत्या तोंडाने सांगणार? पडद्यावरची ही नोंद म्हणजे कामगाराच्या हातातील सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकतो. ती त्याच्या हाती पडू दिली जात नाही याचे कारण तांत्रिक असेल असे आम्हाला वाटत नाही.

मुंबईच्या कचरा कामगारांचा लढा या बाबतीत फार बोलका आहे. शहराचा कचरा रोज उचलणाऱ्या हजारो कामगारांना महापालिकेने कधी ठेकेदारांची माणसे म्हटले, कधी 'स्वयंसेवक' म्हटले. पहाटे कचऱ्याच्या गाडीवर चढून दुसऱ्यांची घाण वाहणाऱ्या माणसाला स्वयंसेवक म्हणणे, हा सेवा या शब्दाचा सार्वजनिक अपमान होता. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा प्रश्न न्यायालयात नेला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार ठरवले. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तेथे २०१६ च्या अखेरीस हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही एप्रिल २०१७ मध्ये कामगारांच्याच बाजूने निकाल लागला. प्रकरण येथे संपायला हवे होते. पण मग नावे तपासण्याचा कार्यक्रम सुरू झाला. यादीत नाव एक, ओळखपत्रावर थोडे निराळे. कोठे वडिलांचे नाव अपुरे, कोठे आडनावातील अक्षर बदललेले. अशा तफावतींवर बोट ठेवून शेकडो कामगारांची नेमणूक निकालानंतरही रखडवण्यात आली. ही नावे कामगारांनी लिहिली नव्हती. मुकादमाने ऐकली तशी, कारकुनाला सुचली तशी ती कागदावर उतरली होती. नोंद ठेवणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीची शिक्षा ज्याची नोंद झाली त्याला भोगावी लागली. हजेरीपट हे निव्वळ हिशेबाचे कागद नसतात, कामगाराच्या आयुष्याचा मालकी हक्क त्यांत लिहिलेला असतो, हे ज्याला पटत नसेल त्याने या कामगारांपैकी कोणालाही विचारून पाहावे.

कामगार कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला काय महत्त्व आहे ते वाचकांना ठाऊक आहे. नोकरीवरून काढण्यापूर्वीची नोटीस, नुकसानभरपाई, सारे त्या आकड्यावर उभे आहे, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही मोजणी राहिली आहे. परंतु २००२ साली हदीमनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथम कामगारावर आहे. केवळ त्याची शपथ पुरेशी नाही. आता हा पुरावा त्याने आणायचा कोठून? हजेरीपट ठेकेदाराकडे, ठेकेदार बदललेला; वेतनचिठ्ठी कधी मिळालीच नाही; आणि मनगटावरच्या घड्याळाने जमवलेली सारी माहिती तिसऱ्याच कंपनीच्या ताब्यात, तिचाही करार संपलेला! अमुक तारखेला तो सात मिनिटे उशिरा आला म्हणून दंड करताना ज्या यंत्राची स्मरणशक्ती तल्लख असते, तेच यंत्र त्याने २४० दिवस भरले का, या प्रश्नावर मूग गिळून बसते. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मौनाला योग्य उत्तर दिले. आदेश असूनही हजेरीपट दडवून ठेवणाऱ्या महापालिकेविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येते, असे न्यायालयाने म्हटले. हे तत्त्व आपण प्रत्येक कंत्राटाच्या अटींत लिहून घेण्याची मागणी केली पाहिजे.

महाराष्ट्राला हजेरीपटाचे राजकारण नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेला पुढे १९७७ च्या कायद्याने बळ दिले. त्या कामांवर खोट्या मस्टरांविरुद्ध कार्यकर्त्यांनी जी भांडणे केली ती जुन्या साथींच्या स्मरणात असतील. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले, तेव्हा मेलेल्या माणसांनी खडी फोडल्याचे आणि परगावी गेलेल्यांनी मजुरी घेतल्याचे उघड झाले. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्या चळवळीतून आला. लबाडी पकडण्याचे साधन तेथे काय होते? ज्यांची नावे कागदावर होती त्यांच्यासमोर तो कागद वाचणे. आणि नंतर काय झाले तेही पाहा. महात्मा गांधी रोजगार हमीच्या कामांवर २०२१ मध्ये मोबाईलवरून मजुरांची छायाचित्रे घेऊन हजेरी लावण्याची पद्धत आली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सर्वत्र सक्तीची झाली. जंगलपट्टीतील मजुराने मोबाईलची लहर लागत नाही म्हणून दिवसभराच्या मजुरीवर पाणी सोडावे आणि इकडे भलतीच छायाचित्रे, छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र, असा माल खुशाल यंत्रात चढावा! हे आमचे म्हणणे नव्हे. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने परिपत्रक काढून असे प्रकार मान्य केले आणि माणसांकरवी तपासणी करण्याचा आदेश दिला. म्हणजे फिरून कारकून आलाच. मधल्या काळात बुडालेली मजुरी मात्र आली नाही.

यावर एखादा सचोटीचा अधिकारी म्हणेल, आणि असे अधिकारी आहेत, की ठेकेदार पन्नास माणसांचे देयक लावतो आणि कामावर पस्तीसच पाठवतो; हे पकडायचे नाही काय? अवश्य पकडावे. पण ते पंधरा अदृश्य कामगार कोणाच्या खिशात जातात, हेही मग सांगावे. पस्तीस माणसे पन्नासांचे काम ओढतात, पंधरांचा पगार ठेकेदार आणि त्याला सांभाळणारे वाटून घेतात, आणि चोरी पकडण्यासाठी घड्याळ बांधले जाते ते त्या पस्तिसांच्या मनगटाला! चोरी देयकात झाली आहे. तेव्हा देयकच उघड्यावर आणले पाहिजे. ज्या चौकीवर कामगार रोज जमतात तेथे त्या महिन्याच्या देयकातील नावे, दिवस आणि रकमा लावून ठेवल्या, तर भुते शोधायला उपग्रहाची गरज पडणार नाही. चौकीवरची कोणतीही बाई दोन मिनिटांत सांगेल की यातली ही सात नावे आम्ही कधी पाहिलेली नाहीत.

ठेकेदारांच्या निवडीचे सुसूत्रीकरण हा या कथेचा दुसरा भाग. केंद्राने २०१६ साली सरकारी खरेदीसाठी ई-बाजारपेठ उघडली आणि टेबले-खुर्च्यांच्या बरोबर माणसांचे श्रमही त्याच बाजारात मांडले. किमान वेतन ठरलेले, कायदेशीर देणी ठरलेली. मग ठेकेदारांत स्पर्धा होते ती स्वतःच्या सेवाशुल्काच्या टक्क्यांवर, आणि तो टक्का इतका खाली जातो की त्यात धंदा चालूच शकत नाही. तरी धंदा चालतो, कारण नफा निविदेच्या बाहेरून येतो. बँकेत जमा झालेल्या पगारातील काही रक्कम मुकादम रोखीने परत मागून घेतो, नोकरी 'लावून देण्याचे' पैसे आधीच घेतलेले असतात, गणवेश आणि हातमोजे कागदावरच वाटले जातात. या कमाईचा रकाना कोणत्याही संगणकीय निविदेत नसतो. एक ठेकेदार काळ्या यादीत गेला तर मेव्हण्याच्या नावाने नवी संस्था उभी राहते. माणसे तीच, झाडू तोच, गल्लीही तीच. बदलते ते फक्त कामगाराच्या सेवेची पहिली तारीख, आणि तिच्याबरोबर त्याची ग्रॅच्युइटी, रजा, ज्येष्ठता सारे पुन्हा शून्यावर येते.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली नऊ खासगी संस्थांचे पॅनेल नेमून सरकारी, निमसरकारी कचेऱ्यांना त्यांच्याकडून मनुष्यबळ घेण्याचा मार्ग मोकळा केला. तरुणांचा संताप रस्त्यावर आला तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात तो निर्णय मागे घेण्यात आला, आणि ही कल्पना मूळ कोणाची यावर सत्ताधारी व विरोधक एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. ते भांडण त्यांना लखलाभ असो. पॅनेल गेले, तरी खात्याखात्यांतून स्वतंत्र निविदांनी माणसे घेणे थांबले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातील सफाई करणाऱ्या व बाग राखणाऱ्या कामगारांना कायम करण्याचा आदेश देताना, सरकारी संस्थांनी बाहेरच्या कंत्राटाआड लपून कायम स्वरूपाचे काम करून घेण्याच्या प्रवृत्तीवर स्पष्ट शब्दांत ताशेरे ओढले. न्यायालयाला जे दिसते ते मंत्रालयाला दिसू नये, असे नाही.

आता नव्या संहितांकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विरघळला. जुना कायदा वीस कामगारांपासून लागू होई, आणि म्हणून एकोणीस-एकोणीसांच्या तुकड्या पाडण्याची कला विकसित झाली होती. नवी मर्यादा पन्नासाची आहे. महाराष्ट्राने तर ती आपल्यापुरती आधीच वाढवून घेतली होती. वेतनवाटपाच्या वेळी समक्ष प्रतिनिधी ठेवण्याचे बंधन गेले. ठेकेदाराने बँकेतून पैसे पाठवावेत आणि तसे मुख्य मालकाला कळवावे, एवढ्यावर भागते. ठेकेदाराने वेतन न दिल्यास मुख्य मालकाने द्यावे, ही तरतूद सुदैवाने उरली आहे. गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते खरी. पण जे काम रूढीनेच ठेकेदाराकडून करून घेतले जाते त्याला सूटही देते. म्हणजे जितकी वर्षे कायदा मोडला, तितका तो न पाळण्याचा अधिकार पक्का!

तरीही त्या मजकुरात एक फट आहे आणि तिच्यातून आत शिरणे शक्य आहे. सफाईचे काम गाभ्याचे नव्हे असे संहिता सांगते, मात्र त्याला एक अट आहे: ती आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर. कापडाच्या गिरणीत झाडलोट हे गाभ्याचे काम नसेल, हे क्षणभर मान्य करू. पण महापालिका कशासाठी उभारली? मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम उघडावा. एकसष्टाव्या कलमात महापालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत, आणि केरकचरा व घाण उचलून तिची विल्हेवाट लावणे हे त्यांत स्पष्ट शब्दांत आहे. जे काम केल्यावाचून महापालिका महापालिका राहत नाही, ते तिच्या गाभ्याचे नाही असे म्हणणे न्यायालयात टिकू देता कामा नये. कामगार संघटनांच्या वकिलांनी हा मुद्दा आत्ताच बांधून ठेवावा.

कायम काम कायम कामगारानेच करावे ही आपली मूळ मागणी आहे आणि तिच्यात तडजोड नाही. पण ती पदरात पडेपर्यंतची वर्षे कामगाराने विनापुरावा काढावीत, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून प्रत्येक महापालिकेत, जिल्हा परिषदेत, सरकारी रुग्णालयात आजच हे मागता येईल: हजेरीची मूळ नोंद ठेकेदाराकडे वा यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडे न राहता खात्याच्या ताब्यात राहावी आणि ठेकेदार बदलला तरी कामगाराचा क्रमांक व पहिल्या नेमणुकीची तारीख बदलू नये. दर महिन्याची हजेरी कामगाराला त्याच्या भाषेत, छापील, सहीशिक्क्यानिशी मिळावी. नावात चूक असेल तर ती त्याच महिन्यात सुधारून घेता यावी. मागील महिन्याचे वेतन आणि निधीचा भरणा नावनिशीवार दिसल्यावाचून ठेकेदाराचे पुढचे देयक मंजूर होऊ नये; आणि देयक खात्याच्याच दिरंगाईने अडले असेल तर कामगाराचे वेतन खात्याने थेट द्यावे. पाळी संपली की मनगटावरचा पहारा संपावा. गटारात उतरणाऱ्या माणसाचे नाव तो उतरण्यापूर्वी नोंदलेले असावे, कारण अशा मृत्यूंत वारसांना ३० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला असला, तरी ज्याची हजेरीच नाही त्याच्या विधवेला, तो त्या दिवशी तेथे कामावर होता, हेच आधी सिद्ध करीत फिरावे लागते.

माहितीच्या अधिकाराखाली केवळ कागदाची प्रतच मिळते असे नाही. कागद कचेरीत बसून पाहण्याचा अधिकारही त्यात आहे. आपल्या प्रत्येक शाखेने आपापल्या प्रभागातील एक कंत्राट निवडावे, त्याच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या देयकांची व हजेरीची तपासणी मागावी, नावांची यादी उतरवून घ्यावी आणि पहाटे साडेसहाला, पाळी सुरू होण्यापूर्वी, चौकीवर उभे राहून ती कामगारांसमोर वाचावी.